कल्ल्यावरचा कापूस: शिवाजी पेठेतल्या एका आजारी अ‍ॅक्सोलॉटलचं प्रकरण

रुग्णाचं नाव बत्तासा, जात अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे डोक्यामागे पिसासारखे कल्ले असलेला, पाण्यात राहणारा प्राणी. पांढरट गुलाबी अंग, काळे डोळे, नर, वय अंदाजे दोन वर्षं, लांबी २१ सेंटिमीटर, वजन ६४ ग्रॅम. सांभाळणारी मुलगी नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. घर कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत, टाकी दुसऱ्या मजल्यावर आणि तिच्या डोक्यावर थेट स्लॅब. तक्रार अशी की चार दिवस खाणं बंद आहे, अधूनमधून मागचा भाग वर करून तरंगतो आणि उजव्या बाजूच्या कल्ल्यांवर कापसासारखं काहीतरी आलंय.

मी डॉक्टर नाही. घरात बरीच वर्षं माशांच्या टाक्या आहेत, त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाची टाकी बिघडली की मला फोन येतो. औषधाबद्दलचे निर्णय पुण्यात असे वेगळे प्राणी तपासणाऱ्या एका डॉक्टरबाईंना फोटो आणि व्हिडिओ पाठवून, त्यांना विचारूनच घेतले. प्रकरण सविस्तर लिहितोय त्याचं कारण एकच. अ‍ॅक्सोलॉटल आजारी पडला की सगळ्यांची नजर त्या कापसावर जाते आणि घरचे औषधाची बाटली शोधायला लागतात. बत्तासाचा आजार पाण्यात होता. कापूस शेवटी आला.

आधी या प्राण्याचं मूळ गाव लक्षात घ्यायला हवं. अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे सॅलमँडर कुळातला उभयचर. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला असलेले सोचिमिल्कोचे कालवे हे त्याचं निसर्गातलं शेवटचं घर. ते समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंचीवर आहे, म्हणून पाणी थंड. तिथे १९९८ च्या पाहणीत चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० प्राणी होते. २०१४ च्या पाहणीत ते ३६ वर आले. जगभरच्या घरांत आणि प्रयोगशाळांत दिसतात ते पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त पैदाशीतले. पण अंगाची सवय अजून त्याच थंड पाण्याची आहे. १६ ते १८ अंश सेल्सिअसला तो सुखात असतो, वीसच्या पुढे कुरबूर सुरू होते आणि २४ च्या वर दिवसेंदिवस राहिला तर त्याची प्रतिकारशक्ती ढासळते. आपल्याकडे एप्रिलात पारा ३७-३८ वर जातो आणि स्लॅबखालची खोली रात्री दहालासुद्धा तापलेली असते.

पहिल्या भेटीत पाण्यात हात घालायच्या आधी नुसतं बघत बसलो. कल्ल्यांच्या तीन जोड्यांपैकी उजवीकडच्या दोन फांद्यांच्या टोकांना पांढरे, मऊ, पाण्याबरोबर हलणारे झुपके होते. कल्ले पुढच्या बाजूला वाकलेले. निरोगी प्राण्यात ते मागे झुकलेले आणि पिसासारखे फुललेले असतात. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. कल्ल्यांचा लाल रंग जाऊन फिकट, जवळजवळ पांढरा पडलेला. दर थोड्या वेळाने तो वर येऊन हवेचा घोट घेत होता. अ‍ॅक्सोलॉटलला फुप्फुसंही असतात, त्यामुळे एखाद्या वेळी घोट घेणं नेहमीचंच आहे. सारखं वर यायला लागला की समजायचं, पाण्यातून पुरेसा प्राणवायू मिळत नाही.

मुलगी म्हणाली, "काका, हा खातच नाही ओ. गांडूळ तोंडाशी धरलं तरी तोंड फिरवतो."

मी तिला औषधांचं काही विचारलं नाही. गेल्या दोन आठवड्यांत घरात काय काय झालं ते क्रमाने सांग म्हणालो. त्या सांगण्यातच सगळं निदान होतं.

एका संध्याकाळी वळीव आला. वारा सुटला, कुठंतरी फांदी तारेवर पडली आणि वीज गेली ती थेट सकाळी आली. टाकीला कॅनिस्टर फिल्टर होता, म्हणजे झाकणबंद डबा, ज्यातून पंप पाणी फिरवतो. पंप थांबला की त्या डब्यातल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो आणि स्पंजमध्ये राहणारे उपयोगी जिवाणू गुदमरायला लागतात. सकाळी वीज आल्यावर फिल्टर आपोआप सुरू झाला आणि रात्रभर कुजलेलं पाणी टाकीत आलं. घरात वास सुटला. वडिलांनी तत्परतेने फिल्टर उघडला, स्पंज काढला आणि नळाखाली धरला.

"चांगला धुतला की मी," ते म्हणाले. "पार पांढरा होईपर्यंत. सगळी घाण काढली."

त्यांनी काळजीपोटीच केलं ते, आणि असं करणारे ते एकटे नाहीत. स्पंजवरचा तो तपकिरी थर घाणीसारखा दिसतो, त्याला हात लावला तर बुळबुळीत लागतो, आणि स्वच्छतेची सवय असलेल्या माणसाला तो राहू देववत नाही. पण टाकीचं सगळं आरोग्य त्याच थरात असतं. प्राण्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. थरातले एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट आपण पाणी बदलून काढतो. रात्री गुदमरूनही जे जिवाणू वाचले होते, ते नळाच्या क्लोरिनने गेले. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतलंच पाणी बादलीत घ्यावं आणि त्यात दोनदा पिळावा, बस्स.

दोन-तीन दिवसांत बत्तासाने खाणं सोडलं. मग कोणीतरी माशांच्या दुकानातून निळं औषध आणलं आणि ते टाकीतच ओतलं, सोबत मूठभर खडे मीठ. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवर त्याचा उपयोग होतो, पण फिल्टरमधल्या जिवाणूंनाही ते मारतं. नव्याने रुजू पाहणारे जिवाणूही त्यात गेले. कापूस दिसला तो यानंतर.

मुलीने पाणी तपासलं नव्हतं असं नाही. तिच्याकडे बुडवायच्या पट्ट्या होत्या आणि पट्टीवरचे सगळे रंग ठीक होते. मी डबी उलटून पाहिली. त्यावर नायट्रेट, नायट्राइट, पीएच, कडकपणा, क्लोरिन असं सगळं होतं, अमोनिया नव्हता. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये तो नसतो. थेंबांचं किट, म्हणजे नळीतल्या पाण्यात थेंब टाकून रंग बघायचा ते, घेऊन अमोनिया तपासला तेव्हा नळी हिरवीगार झाली. अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम, नायट्राइट ०.५, नायट्रेट नावाला, पीएच ८, तापमान २८ अंश.

हे आकडे एकमेकांशी जोडून वाचावे लागतात. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एक फारसं अपायकारक नाही आणि दुसरं, मुक्त रूप, कल्ले जाळतं. पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका मुक्त रूपाचा वाटा मोठा. पीएच ७.५ आणि १८ अंशांना तो सुमारे १ टक्का असतो, पीएच ८ आणि २८ अंशांना साडेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किटवर तोच आकडा दिसत असला तरी बत्तासाच्या टाकीत विष सहापटीहून जास्त होतं. हिशेब केला तर लिटरला ०.१३ मिलिग्रॅम. ०.०२ च्या वर गेलं तरी कल्ल्यांना त्रास होतो. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला १६ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९.९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २८ अंशांना ७.८. उन्हाने प्राण्याची प्राणवायूची गरज वाढलेली, पाण्यात तो कमी, आणि तो ओढून घेणारे कल्ले भाजलेले. भाजलेल्या, मेलेल्या कातडीवर पाण्यात कायम असणारी बुरशी रुजली. धडधाकट प्राण्यावर ती सहसा बसत नाही.

बुरशीच आहे ना, हेही पाहून घेतलं. कॉलमनॅरिस नावाचा जिवाणूजन्य आजार असतो, त्यातही पांढुरके डाग येतात. पण ते चपटे, कातडीला चिकटलेले, कडेला पिवळसर असतात. इथे धागे सुटे होते आणि पाण्यात डोलत होते. डॉक्टरबाईंनी पोटाचा फोटो मागितला, म्हणून पारदर्शक डब्यात घेऊन खालून काढला. पोटावर, पायांच्या मुळाशी लाली नव्हती, अंग फुगलेलं नव्हतं. लाली असती तर रक्तात जंतुसंसर्ग गेल्याची शंका आली असती आणि प्रतिजैविकाचा विचार करावा लागला असता. तरंगण्यावरून माझ्या मनात आणखी एक शंका होती. टाकीच्या तळाशी रंगीत खडी होती, आणि अ‍ॅक्सोलॉटल खाणं ओढताना खडीही गिळतो. पोट हलक्या हाताने चाचपलं, टणक काही लागलं नाही, आणि पुढे विष्ठा झाली तेव्हा ती शंकाही मिटली. खडी मात्र त्याच दिवशी काढायला लावली. तिची तिथे काहीच गरज नव्हती.

डॉक्टरबाईंचा सल्ला थोडक्यात असा होता: प्रतिजैविक नको, टाकीत कुठलंही औषध नको, थंड स्वच्छ पाणी आणि मिठाची आंघोळ, आठवड्यात फरक पडला नाही किंवा कापूस दुसऱ्या बाजूला पसरला तर फक्त डब्यात मिथिलीन ब्लू.

पहिलं काम म्हणजे बत्तासाला टाकीतून बाहेर काढणं. जाळी वापरली नाही, जाळीत कल्ल्यांचे धागे अडकून तुटतात. रुंद भांडं पाण्यात बुडवून त्यातच त्याला घेतलं. आठ लिटरचा झाकणाचा प्लास्टिक डबा नवीन आणला, साबण न लावता धुतला, झाकणाला भोकं पाडली.

आता डबा ठेवायचा कुठे? मुलीने फ्रिजचं वाचलं होतं. अनेकजण आजारी अ‍ॅक्सोलॉटलला ५ ते ८ अंशांना फ्रिजमध्ये ठेवतात, त्या थंडीत बुरशी वाढत नाही आणि प्राण्याची सगळी हालचाल मंदावते. मी त्या बाजूचा नाही, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. २८ अंशांतला प्राणी एकदम ८ वर नेला तर तो धक्काच त्याला पुरेसा होतो. शिवाय इतक्या थंडीत पचन आणि प्रतिकारशक्तीही मंदावते, मग जखम भरणार कशी? घरचा फ्रिज दिवसातून पन्नासदा उघडणार, दार आपटणार, ते वेगळंच.

उपाय आजींनी सुचवला. जुन्या घराचा तळमजला अजून तसाच आहे, जाड भिंती, शहाबादी फरशी, मागच्या बाजूला धान्याची कोठीची खोली. "तिथं ठेवा की त्याला," आजी म्हणाल्या, "उन्हाळ्यात आम्ही माठ तिथंच ठेवतो." दुपारी दोनला तिथली हवा मोजली तर २६ अंश. वरच्या खोलीत ३५. मग थर्माकोलचा मोठा खोका मिळवला, त्यात डबा ठेवला आणि डब्याच्या बाहेरून, खोक्याच्या आत, बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या लावल्या. बाटली डब्यातल्या पाण्यात टाकायची नाही. प्राणी तिला चिकटतो आणि पाणी झपाट्याने गार होतं. तासाला एक अंश, फार तर दोन, एवढ्याच गतीने उतरवायचं ठरवलं. रात्रीपर्यंत पाणी १८ वर आलं आणि पुढे १६ ते १८ च्या दरम्यान ठेवलं. दोन बाटल्या खोक्यात, दोन फ्रीझरमध्ये, सहा तासांनी अदलाबदल. पहाटेची बाटली आजी बदलत.

पाणी रोज सकाळ-संध्याकाळ पूर्ण बदललं. महापालिकेचं पाणी बादलीत घेऊन त्यात सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळतं ते, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालायचं. नवीन पाणी जुन्या पाण्याच्या तापमानाला आणूनच ओतायचं. बोअरचं पाणी फुकट आहे म्हणून शेजाऱ्यांनी देऊ केलं होतं, पण कडकपणा एकदम बदलला असता, म्हणून नको म्हणालो. ही बादल्यांची उठाठेव कंटाळवाणी आहे आणि बाटलीतलं औषध ओतण्यात काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, हे मला कळतं. तरीही या प्रकरणात प्राणी वाचला तो बादल्यांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिठाची आंघोळ दिवसातून दोनदा. वेगळ्या भांड्यात एक लिटर पाणी, त्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ, आयोडीन नसलेलं, पूर्ण विरघळवून, तेवढ्याच तापमानाचं. दहा मिनिटं, घड्याळ लावून. त्याहून जास्त ठेवलं तर मीठ कल्ले आणि कातडीलाच इजा करतं. उभयचराची कातडी पाणी आणि त्यात विरघळलेलं सगळं आत ओढते, त्यामुळे माशाला चालणारी मात्रा याला चालेल असं धरून चालायचं नाही. चिमट्याने कापूस उपटायचा मोह घरात दोघातिघांना झाला. तो उपटू दिला नाही, कारण खाली कल्ल्याचे जिवंत धागे असतात.

तिसऱ्या दिवशी आंघोळीनंतर एक झुपका भांड्याच्या तळाशी सुटून पडलेला दिसला. चौथ्या दिवशी दुसरा. जिथून गेला तिथे कल्ल्याची फांदी नुसत्या दांडीसारखी, धागे झडलेले. मुलगी घाबरली. तिला दाखवलं की दांडीचं टोक गुलाबी आहे, म्हणजे रक्त पोचतंय. तुटलेला पाय, शेपूट, पाठीचा कणा, हृदयाचा तुकडासुद्धा परत वाढवणारा हा प्राणी आहे, आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्याला त्याच कारणासाठी सांभाळतात. कल्ल्याचे धागे त्याला अवघड नाहीत, फक्त पाणी नीट हवं. कापूस गेल्यावर आंघोळी थांबवल्या. डब्यात देशी बदामाच्या वाळक्या पानाचं उकळून गार केलेलं पाणी थोडं घालत होतो. त्यातलं टॅनिन सौम्यपणे बुरशीला रोखतं. रंकाळ्याकडच्या रस्त्यावर ती झाडं आहेत, पण धूर-धुळीची पानं नको म्हणून एका ओळखीच्यांच्या अंगणातली आणली.

खाण्यापाशी मात्र गाडी अडली. कल्ले मागे झुकायला लागले, शेपटीचा आकडा सुटला, तरी तोंड उघडेना. मुलीकडे गांडूळखताच्या दुकानातली गांडुळं होती, बारीक, लालसर, पट्ट्यापट्ट्यांची. त्या जातीची गांडुळं दुखावली की पिवळा, कडवट द्रव सोडतात, आणि बरेच अ‍ॅक्सोलॉटल ती थुंकून टाकतात. मुलीच्या मामांनी उसाच्या शेतातली पाठवतो म्हणून सांगितलं. तिथे तणनाशक मारलेलं असतं, त्यामुळे तीही नकोत. शेवटी परसातल्या केळीच्या खड्ड्यातून, जिथे खरकट्या पाण्याशिवाय काही पडत नाही, करड्या रंगाची जाड गांडुळं मिळाली. दोन दिवस ओल्या मातीत ठेवून, धुऊन, बोटाच्या पेराएवढा तुकडा प्लास्टिकच्या चिमट्यात धरून त्याच्या तोंडाच्या बाजूला हळूहळू हलवला. नाकासमोर स्थिर धरला तर त्याला कळत नाही. तो वास आणि पाण्यातली हालचाल यांवर शिकार करतो. एकदा डोकं वळवलं, थांबला, आणि मग खाडकन तोंड उघडून तुकडा पाण्यासकट आत ओढला. मुलीचा हात थरथरत होता, पण तिने चिमटा सोडला नाही.

दरम्यान वरची टाकी प्राण्याशिवाय चालू ठेवली. माझ्या एका जुन्या टाकीतला, कित्येक महिने नवीन मासा न आलेला स्पंज त्यांच्या फिल्टरमध्ये दिला. बाहेरून आजार यायचा धोका असतो, म्हणून कुठलाही स्पंज चालत नाही. जिवाणूंना खायला थोडा अमोनिया घालत राहिलो आणि रोज थेंबांचं किट. नुसतं शून्यावरून सुरू केलं असतं तर चार ते सहा आठवडे लागले असते, स्पंजमुळे त्याच्या निम्म्याने काम झालं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि घातलेला अमोनिया २४ तासांत गायब, हे सलग काही दिवस दिसल्यावरच बत्तासाला टाकीत सोडलं. टाकीही तोवर खाली, कोठीच्या खोलीत आली होती. अडीच बाय दीड बाय दीड फूट, साधारण १२० लिटर पाणी. रिकामी करून चौघांनी उतरवली.

त्या वेळी वजन ७१ ग्रॅम. उजव्या कल्ल्यावर नवे धागे आले होते, डावीकडच्यांपेक्षा आखूड, पण लाल.

कागदपत्रांचा एक मुद्दा. अ‍ॅक्सोलॉटल साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून अशा प्राण्यांची नोंद करणं पाळणाऱ्याला बंधनकारक आहे. २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर होते. या घरात ते कोणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी अर्जाची चौकशी सुरू केली आहे. पिल्लू विकत घ्यायला निघालेल्यांनी हे आधी बघावं, आणि प्राणी नकोसा झाला तर रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडण्याचा विचारही करू नये.

राहिला प्रश्न पुढच्या एप्रिलचा. आधी टाकीवर छोटा पंखा होता, आणि कोरड्या हवेत तो बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंश उतरवतोही. पण वळीव पडून गेला की हवा दमट होते, जूनमध्ये तर भिंतींना ओल येते, आणि मग पंखा नुसता फिरतो. स्लॅबखालच्या ३५ अंशांतून चार अंश उतरले तरी प्राण्याला काय उपयोग? कोल्हापुरात अ‍ॅक्सोलॉटल ठेवायचा तर चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावाच लागतो, आणि तो परवडत नसेल तर हा प्राणी आणू नये, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. या घराने चिलर घेतला. तो खोलीत गरम हवा सोडतो, म्हणून कोठीच्या झरोक्याकडे तोंड करून बसवलाय. चिलर घरच्या इन्व्हर्टरवर चालणार नाही, पण फिल्टर आणि हवेचा पंप चालतात, ते दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतले. वीज गेली तर थर्माकोलच्या पट्ट्या टाकीला तिन्ही बाजूंनी लावायच्या आणि फ्रीझरमधल्या बाटल्या काढायच्या. स्पंज कसा पिळायचा ते वडिलांनी मला करून दाखवलं, टाकीच्याच पाण्यात, दोनदा.